आकडा गुरुजींच्या फोनवर

मंगरूळपीरला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून पौर्णिमा सरकटेचं घर आहे. पुढच्या खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आलेल्या माणसांसाठी चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दारावर पाटी: ‘मंगलमैत्री, बौद्ध वधू-वर परिचय केंद्र’. पण पाटी वाचून फारसं कोणी आत येत नसे. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका तेवढ्या सावलीला टेकत. लग्नाचं बोलायला येणारे लोक येत ते वेबसाइट पाहून. मालेगाव, मानोरा, कारंजा, रिसोड, थेट हिंगोली-अकोल्यापर्यंतचे.

ती वेबसाइट पौर्णिमानं सहा वर्षं एकटीनं सांभाळली. सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे तिच्या नवऱ्यालाही नीट ठाऊक नव्हतं. धम्मरत्न एसटीत कंडक्टर. त्याला वाटे, वेबसाइट एकदा करून ठेवली की झालं, भिंतीला रंग दिल्यासारखं.

“रोज रोज त्या डबड्यासमोर बसून करतं काय वं तू?” तो जेवताना विचारी.

“तुमच्या गाडीतला माणूस कारंजाले उतरला, तर तुमी त्याले अकोल्यापर्यंत सीटवर बसलेला धरता का?”

“नाई.”

“मंग? माह्या गाडीत लग्न झालेले लोक उतरतच नाईत. त्यायले हात धरून उतरवा लागते.”

तिचं सगळ्यात मोठं काम हेच होतं. मुलीचं जुळलं तरी घरचे कळवत नसत. साखरपुडा झाला, हळद लागली, तरी फोनवर “पाहणं चालू हाय” एवढंच. मग लग्न झालेल्या मुलीला स्थळं येत राहत आणि दोन्हीकडचे लोक पौर्णिमावर रागवत. म्हणून दर सोमवारी सकाळी ती वीस-पंचवीस घरांना फोन लावायची. मागून पाहुण्यांचा गलका ऐकू आला, किंवा बाप एरवीपेक्षा गोड बोलायला लागला, की ती समजायची. “भाऊ, पत्रिका पाठवजा,” म्हणून हसायची आणि त्याच दिवशी त्या मुलीचं पान काढून टाकायची. कोणाचंही पान काढण्याआधी त्या घरी फोन करायचा, न विचारता कोणाला पुसायचं नाही, हा तिचा रिवाज होता.

फोटोंचं वेगळंच. एका मुलाच्या खांद्यावर कोणाचा तरी कापलेला हात असे. एका बापानं एकोणतीस वर्षांच्या मुलीचा बारावीच्या निरोप समारंभातला फोटो पाठवला होता. “आताचा पाठवा,” म्हटलं तर म्हणे, “आता ते हसतच नाई फोटोत.” पौर्णिमा सगळे फोटो लहान करून चढवायची, खेड्यातल्या रेंजवर पान उघडलं पाहिजे म्हणून. इंग्रजीतून औषधांच्या जाहिराती टाकणाऱ्या भलत्याच लोकांचे निरोप रोज पुसायची. आठवड्याला साऱ्या यादीची एक प्रत वेगळी काढून ठेवायची.

आणि एक गोष्ट तिनं सहा वर्षांत एकदाही मोडली नाही. वेबसाइटवर मुलीचा नंबर दिसत नसे. नाव, शिक्षण, तालुका, उंची, एवढंच. नंबर आतल्या बाजूला, फक्त पौर्णिमाला दिसणारा. बोलायचं असेल तर आधी केंद्राला फोन करायचा. पौर्णिमा मुलीच्या घरी विचारणार, त्यांनी हो म्हटलं तरच नंबर द्यायचा. लोक मुलींची नावं तिच्याकडे देत ती याच भरवशावर.

आता भिवाजी गुरुजींचं सांगायला हवं.

पौर्णिमाचं माहेर आसेगावचं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भिवाजी गुरुजींनी तिला पहिली ते चौथी शिकवलं. दहावीनंतर बापानं तिचं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा गुरुजी त्यांच्या घरी येऊन खाटेवर बसले. पाणी दिलं, घेतलं नाही. चहा दिला, घेतला नाही. दिवस मावळायला आला तेव्हा बाप म्हणाला, “जाऊ द्या गुरुजी, शिकू द्या तिले, पण पानी घ्या.” मग गुरुजींनी पाणी घेतलं.

मोबाइल आले तेव्हा साऱ्या वस्तीत कायम चार्ज असलेला, कायम बॅलन्स असलेला आणि कधीही उचलला जाणारा फोन एकट्या गुरुजींचा. म्हणून स्कॉलरशिपच्या अर्जावर, गॅसच्या कार्डावर, पीकविम्याच्या कागदावर, ज्याच्या त्याच्या रकान्यात गुरुजींचाच नंबर. वस्तीतल्या पोरांना स्वतःच्या बापाच्या आधी तो नंबर पाठ झालेला असे. गुरुजी ओट्यावर बसून हाक मारत, “अय वच्छलाबाई, तुह्या गॅसचा आकडा आला!” आणि वच्छलाबाई हातातलं काम टाकून पळत यायची.

सहा वर्षांपूर्वी अकोल्याला वेबसाइट बनवायला पौर्णिमा गेली, ती गुरुजींना सोबत घेऊनच. बनवणाऱ्यानं विचारलं, “मालकाचा मोबाइल नंबर?” तेव्हा तिचा स्वतःचा नंबर दोन वर्षांत तीनदा बदललेला. तिनं क्षणभरही विचार न करता गुरुजींचा नंबर सांगितला. तिच्या आधी गुरुजींनीच पहिले पाच आकडे म्हणून टाकले होते.

तेव्हापासून दर जूनमध्ये वेबसाइटचं नाव पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायचं असलं, किंवा कॉम्प्युटर बिघडून पुन्हा आत शिरायचं असलं, की सहा आकड्यांचा कोड गुरुजींच्या फोनवर जायचा. ती फोन लावायची, “गुरुजी, आकडा आला का?” गुरुजी पाढे म्हणावेत तसा एकेक आकडा सुटा करून सांगत. “चार. शून्य. शून्य. लिवलं? पुढं नऊ.” अकोल्याच्या माणसानं तिला दोनदा सांगितलं होतं, “मॅडम, मालकीचा नंबर तुमचा टाकून घ्या.” ती हो म्हणाली आणि विसरली. खरं तर विसरली नाही. गुरुजींचा नंबर काढून टाकायचा, हे तिला खाटेवरच्या माणसाला उठ म्हटल्यासारखं वाटायचं.

यंदाच्या चार मार्चला, मंगळवारी सकाळी, मेडशीचे दादाराव पडघान एसटीनं आले. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. त्यांची मुलगी मंजुषा अकोल्याला एका खासगी दवाखान्यात नर्स. तिचं पान वेबसाइटवर डिसेंबरपासून होतं.

“जय भीम, भाऊ. बसा. पानी आनतो,” पौर्णिमा म्हणाली.

“जय भीम. पानी राहू द्या. पयले हे सांगा, माह्या पोरीचा नंबर कोनाकोनाले देल्ला?”

“कोनालेच नाई. तुमाले इचारल्याबिगर म्या देइन का?”

दादारावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मंजुषानं लिहून दिलेला. अकरा नंबर, पुढे तारखा.

“अकरा जन झाले, बाई. कोनी सकाळी फोन करते, कोनी ड्युटीवर असताना. ‘आमच्या पोराले सात एकर हाय, तुमी काहून उचलत नाई?’ म्हने. अन् परवा एक जन दवाखान्याच्या गेटवर येऊन उभा. म्हने, मी पोराचा मामा, पोरगी पाह्याले आलो. साऱ्या नर्सा खिडकीतून पाहून राह्यल्या. पोरगी रडत घरी आली.”

पौर्णिमाला राग आला, तो आधी दादारावांचाच. “भाऊ, नंबर आजकाल कोठूनबी जाते. रिचार्जच्या दुकानातून जाते, बँकेतून जाते. माह्या इथून नाई गेला.”

“तुमच्याच इथून गेला.” दादारावांचा आवाज चढला नाही. “ते सिम नवं हाय. पोरगीच म्हने, बाबा, लग्नाच्या कामाले येगळा नंबर ठेवू. तो नंबर तिले ठाऊक, मले ठाऊक, अन् तुमाले. तिच्या मायलेबी देल्ला नाई.”

पौर्णिमानं पाणी आणलं. दादारावांनी ते तसंच टेबलावर ठेवलं आणि “पाहून सांगा,” म्हणून ते परतीच्या गाडीला निघाले.

तिनं आणखी सहा घरांना फोन केला. आडून आडून विचारलं. चार घरी तेच. अनोळखी बापांचे, काकांचे, मामांचे फोन.

दुपारी धम्मरत्न ड्युटीवरून आला आणि हात धुवायला गेला. पौर्णिमानं त्याचा मोबाइल उचलला आणि ती आतले निरोप चाळायला लागली. तो टॉवेलनं हात पुसत दारात उभा राहिला. “काय शोधून राह्यली?” तिनं सांगितलं. त्यानं फोन परत मागितला नाही, नुसता पाहत राहिला. त्यात काही नव्हतं.

मग तिनं अकोल्याला वेबसाइट बनवणाऱ्याला फोन लावला. त्यानं तिकडून नोंदी उघडल्या.

“मॅडम, तुम्हीच तर यादी काढली. वीस फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दोन चाळीसला मोबाइलवरून लॉगिन. पासवर्ड टाकलेला नाही, ओटीपी टाकलाय. दोन एकावन्नला पूर्ण यादी उतरवून घेतली. नाव, शिक्षण, तालुका, नंबर.”

“म्या नाई काढली.”

“मग तो ओटीपी येतो कोणाच्या फोनवर?”

पौर्णिमानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून तो दोनदा “हॅलो” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आसेगावला गेली. अख्ख्या रस्त्यात तिनं एकच गोष्ट मनात घोळवली. गुरुजींचा फोन कोणीतरी घेतला असेल. ग्रामपंचायतीतल्या कोणी, मंडप-बिछायतवाल्यानं, कोणत्या तरी पोरानं. गुरुजी चष्मा लावून आकडा वाचतात, शेजारचा ऐकतो. असं होऊ शकतं. बसमध्ये हरभऱ्याची पोती होती, तिच्या पायाला लागत होती, तिला कळलंही नाही.

गुरुजी ओट्यावर कोणाचा तरी अर्ज भरत बसले होते. त्यांची बायको चंपाबाई आतून बाहेर आली. “आली का माय! एवढ्या उन्हाची काहून आली वं? फोन करती त आमचा प्रसेनजित मोटरसायकल घेऊन आला असता. तो हरभरा काढून राह्यला वावरात.”

पौर्णिमा बसली नाही. “गुरुजी, मंगलमैत्रीची यादी तुमी काढली का?”

गुरुजींनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. “हाव. म्याच काढली.”

रस्ताभर तिनं जुळवलेलं सगळं तिथंच संपलं.

“काहून, गुरुजी?”

“काहून म्हंजे? बस खाली. आपली वस्ती अन् आजूबाजूचे चार गावं धरले त सव्वीस पोट्टे बिनलग्नाचे हायेत. काही जन पस्तिशीच्या पुढं गेले. शेती करते, व्यसन नाई, बापाले सांभाळते. अन् तुह्या यादीत एकशेअडतीस पोरी. म्या त्या सव्वीस बापायचा ग्रुप केला, यादी टाकून देल्ली. पोरी समाजाच्या, पोट्टे समाजाचे. यात चोरी कोनती झाली?”

“पोरीयनं नंबर मले देल्ला होता. समाजाले नाई.”

“तू समाजाच्या बाहेर हाय का?”

“मेडशीच्या पोरीच्या दवाखान्यात जाऊन उभा राह्यला एक जन. ठाऊक हाय का तुमाले?”

“तो येडा हाय. त्याले म्या चांगला झापला.”

पौर्णिमानं त्यांच्याकडे पाहिलं. “म्हंजे तुमाले ठाऊक होतं? अन् मले सांगतलं नाई?”

गुरुजी पुढे सरकून बसले. शाळेत चुकलेलं गणित सोडवायला लावताना बसत तसे. “आता माह्या प्रश्नाचं उत्तर दे. प्रसेनजितचं नाव तुह्याजवळ सहा वर्षांपासून हाय. किती घरं दाखवले?”

“चौदा.”

“काय म्हनाले चौदा घरं?”

चंपाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले नाहीत.

“सांगतलं होतं ना, गुरुजी, त्या त्या वक्ती.”

“काय सांगतलं? ‘पाहू म्हनाले.’ ‘यंदा थांबते म्हनाले.’ ‘पोरगी पुढं शिकनार हाय.’ चौदाच्या चौदा घरं थांबते का वं? मले काय दुसरीतला पोरगा समजली? नोकरीवाल्यायचे जमवते तू. त्यायचे लग्न झाले का तुहं नाव होते. माह्या पोराचं पान नुसतं मले दाखवाले ठेवलं.”

ती चौदाही उत्तरं पौर्णिमाला पाठ होती. पण समोर गुरुजी होते आणि दारात चंपाबाई. ज्या माणसानं तिच्यासाठी दिवसभर पाणी घेतलं नाही, त्याला तिनं सहा वर्षं एकही नकार नकारासारखा सांगितला नव्हता. प्रत्येक वेळी आधी मऊ करून, मग सांगितला होता. आत्ताही जीभ रेटेना.

तिनं पर्समधून आपला मोबाइल काढला, वेबसाइट उघडली आणि नंबर बदलण्याच्या जागी बोट ठेवलं. गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

“मालकीचा नंबर बदलाचा हाय, गुरुजी. आकडा सांगा.”

गुरुजींनी फोन काढला, चष्मा लावला, पडदा पाहिला. आकडे वाचताना त्यांचे ओठ नेहमीसारखे हलले, आवाज मात्र निघाला नाही. मग त्यांनी फोन पुन्हा खिशात टाकला.

“नाई सांगत.”

“अवो, देऊन टाका ना तिले,” चंपाबाई म्हणाली. “तिचं हाय ते.”

“तिचं कसं? मालकाच्या जागी नंबर माहा हाय.” मग पौर्णिमाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, “आयक. कोनाले काही सांगू नको. नंबर आजकाल कोठूनबी जाते. तुहं केंद्रबी चालन, पोट्ट्यायचंबी जमन. रागात काही करू नको. चहा घे.”

दादारावांना तिनं सांगितलं होतं तेच वाक्य. पौर्णिमानं चहा घेतला नाही. चंपाबाई तिला फाट्यापर्यंत सोडायला आली आणि बस आली तेव्हा तिचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा सोडला.

घरी धम्मरत्ननं सारं ऐकून घेतलं. “माहा फोन तपासला तू,” तो म्हणाला. “त्यायचं नाव एकदाबी मनात नाई आलं?”

“नाई.”

त्यानं खाकी शर्ट खुंटीला अडकवला. मग म्हणाला, “जाऊ दे. नवी साइट काढ. नवं नाव, नवा नंबर.”

“त्याच्यावर कोनाची पोरगी टाकू?”

ती दिवसभर विचार करत राहिली असं नाही. विचार करण्यासारखं फार नव्हतं. नंबर बदलता येत नव्हता. गुरुजी उद्या पुन्हा आकडा मागवतील, पुन्हा आत शिरतील, आणि ज्या नव्या मुली येतील त्यांचेही नंबर त्या ग्रुपवर जातील. गप्प राहिलं तर केंद्र चालेल, गुरुजी म्हणाले तसं. पण मग तीच त्या ग्रुपची यादी तयार करणारी बाई होईल. आतली चावी दोघांजवळ होती. त्यांनी ती उघडायला वापरली. तिच्या हातात तेवढं एकच उरलं होतं, आत काहीच ठेवायचं नाही.

आणि पान काढण्याआधी फोन करायचा, हा रिवाज.

सहा मार्चपासून तिनं फोन करायला घेतले. आधी मुली, एकशेअडतीस. नंतर मुलं, एक्याण्णव. सकाळी आठला बसायची. पहिल्या दहा-बारा फोनांत शब्द अडखळले, मग वाक्य घट्ट झालं. “मंगलमैत्रीतून पौर्णिमा बोलतो. तुमच्या पोरीचा नंबर माह्या वेबसाइटवरून बाहेर गेला. चूक माही हाय. अनोळखी फोन आला त बोलू नका. तिचं पान मी आत्ताच काढून राह्यली.”

“कोनं नेला?” सगळे विचारत.

“माह्याकडून गेला,” एवढंच ती सांगे. गुरुजींचं नाव तिनं घेतलं नाही. वाचवायचं म्हणून नव्हे. ते नाव घेऊन हे वाक्य पुरं करता येईना.

रिसोडच्या एका बाईनं तिला अशा शिव्या दिल्या की शेजारी गिरणीवर बसलेल्या बायका ऐकायला थांबल्या. कारंजाचा एक म्हातारा म्हणाला, “बाई, तुमी सांगतलं तरी. लोक सांगत नाईत.” ते ऐकून तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. एका घरी मुलीच्या भावानं ग्रुपमधल्या एका स्थळाला हो म्हटलंसुद्धा होतं. “बरं झालं ताई, तुमच्यामुळं जमलं,” तो म्हणाला. तिनं त्याही मुलीचं पान काढलं.

दादारावांना फोन केला तेव्हा त्यांनी तो लगेच मुलीकडे दिला. मंजुषा चार दिवसांच्या सुट्टीवर घरीच होती.

“ताई, मी ते सिम तोडून टाकलं,” मंजुषा म्हणाली. शहरात राहून तिची भाषा बदलली होती. “बाबा म्हणत होते, फसवलं तुम्हाला कोणीतरी. मला ते नाही माहीत. मला एवढंच माहीत, मी नंबर तुम्हाला दिला होता.”

“हो.”

“लग्नाचं राहू द्या आता. मला परत कोणाला काही द्यायचं नाही.”

पौर्णिमाला खूप काही सांगायचं होतं. तिनं “बरं” म्हटलं आणि पान काढलं.

पाचव्या दिवशी, सोमवारी दुपारी, एकच पान उरलं. प्रसेनजित, वय चौतीस, बीए, शेती सात एकर, आसेगाव. फोटो तिनंच काढलेला, गुरुजींच्या ओट्यावर, निळ्या शर्टात. संपर्काचा नंबर वडिलांचा.

“बोल, पौर्णिमा,” गुरुजी म्हणाले. एका घंटीत उचलला, नेहमीसारखाच.

“गुरुजी, प्रसेनजितचं पान काढून राह्यली.”

“त्यालेबी?”

“साऱ्यायलेच काढलं. साइट रिकामी केली. काढाच्या आधी फोन करतो, म्हून केला.”

पलीकडे कोंबडं ओरडलं, कोणीतरी बादली ठेवली.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट होती, फक्त पौर्णिमाला दिसणारी. कोणत्या घरानं काय उत्तर दिलं ते ती तिथं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवी, पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून. यादी उतरवताना चौकटीतलं काही उतरत नाही.

“तुमी त्या दिवशी इचारलं होतं, चौदा घरं काय म्हनाले,” ती म्हणाली.

“आता कायले ते?”

“आता सांगतो. पयलं घर, मानोरा. ‘पोरगा चांगला हाय, पन नोकरी नाई.’ दुसरं. ‘पोरगी म्हनते, वावरात जानार नाई.’ तिसरं. ‘निदान कंत्राटी तरी पायजे होती.’ चौथं. ‘सात एकर हाय, पन कोरडवाहू.’”

ती वाचत गेली. आवाज सपाट ठेवला. मऊ करायला काही शब्द तिनं घातले नाहीत. सातव्या घरानं मुलाचा फोटोही पाहिला नव्हता, ‘शेती’ वाचूनच नाही म्हटलं होतं, तेही तिनं सांगितलं. आठव्यावर गुरुजी म्हणाले, “थांब.” ती थांबली. मग तेच म्हणाले, “वाच.”

“अकरावं. आपल्याच शाळेतले, तुमच्या हाताखालून गेलेले. नाव नाई घेत. ते म्हनाले, ‘गुरुजीनंच आमाले शिकवलं, शिका अन् वावरातून बाहेर निंगा. आमी निंगालो. आता आमची पोरगी परत वावरात कशी देऊ?’”

तिनं पान खाली सरकवलं.

“बारावं. ‘पाहू,’ म्हनाले, परत फोन उचलला नाई. तेरावं. ‘उंची कमी हाय.’ चौदावं. ‘नको.’ एवढंच.”

गिरणी सुरू झाली. पौर्णिमानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“हे तू मले तवाच काहून नाई सांगतलं?” गुरुजींचा आवाज एकाएकी म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

“तुमी माहे गुरुजी होते म्हून.”

‘होते’ हा शब्द दोघांनीही ऐकला. कोणी दुरुस्त केला नाही.

मग गुरुजी म्हणाले, “नंबर बदलाचा होता ना तुले? मागव आकडा. सांगतो.”

पौर्णिमानं निळ्या शर्टातल्या प्रसेनजितकडे पाहिलं, आणि बटन दाबलं. पान गेलं. पडद्यावर वर ‘मंगलमैत्री’ एवढं नाव राहिलं आणि खाली पांढरी, कोरी जागा.

“राहू द्या, गुरुजी,” ती म्हणाली. “साइट तुमच्याच नावावर राहू द्या. आता त्याच्यात कोनी नाई.”